लो बॉनेट घ्यावी की हाय बॉनेट?

माळशिरस तालुक्यात कुणी ‘एक विलीज विकायची आहे’ असा निरोप धाडला, तर जाणता माणूस किंमत विचारत नाही आणि मालक कोण तेही नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बॉनेट बसकं आहे की उंच? या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. गाडी कोणत्या काळातली, तिचे सुटे भाग कुठे मिळणार, स्टिअरिंग डावीकडे असणार की उजवीकडे, आरटीओत किती चपला झिजणार आणि घासाघीस कोणत्या आकड्यापासून सुरू करायची.

जुन्या अमेरिकी फोर बाय फोर गाड्यांच्या शौकिनांत आपल्याकडे हे दोनच पंथ खऱ्या अर्थाने रुजले. एक लो बॉनेट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. दुसरी हाय बॉनेट, म्हणजे विलीजने १९५३ मध्ये आणलेली आणि पुढे महिंद्राने मुंबईत वर्षानुवर्षं बनवलेली सीजे-३बी. दोन्हींच्या चाकांमधलं अंतर ऐंशी इंच, दोन्हींचं इंजिन चार सिलिंडरचं २,१९९ सीसी आणि दोन्ही आखूड, उघड्या, हाडं खिळखिळी करणाऱ्या. तरीही एक घ्यायला निघालेल्याने दुसरी घरी आणली तर वर्षभरात पस्तावा ठरलेला.

वेळापूर, अकलूज, नातेपुते या पट्ट्यात अशा जीप निघतात याला कारण आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी गावोगाव दिसू लागली. १९६२ मध्ये महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या. कालव्यांची खाती, साखर कारखान्यांचे शेतकी विभाग, निवडणुकांचे प्रचार, सगळीकडे जीपच धावत होती, कारण नीरा उजव्या कालव्याखालच्या काळ्या रानात पावसाळ्यात दुसरं काही चालतच नसे. सरकारी गाडी निकामी ठरली की लिलाव, लिलावातून बागायतदाराच्या वस्तीवर, आणि तिथून कडब्याच्या गंजीशेजारी कायमचा मुक्काम. म्हणून या भागात शोधणाऱ्याच्या पदरी हाय बॉनेट पडण्याचा संभव जास्त. लो बॉनेट निघते ती बहुधा युद्धानंतरच्या लष्करी विक्रीतून हातोहात फिरत आलेली. तिची कुंडली त्यामुळे जास्त गुंतागुंतीची असते.

आधी लो बॉनेटकडे वळू. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी टेहळणी गाडी हवी होती. पहिला नमुना बॅन्टम या छोट्या कंपनीने करून दाखवला, पण मोठी ऑर्डर मिळाली टोलेडोच्या विलीजला, आणि मागणी भागेना म्हणून तेच डिझाइन फोर्डलाही बनवायला दिलं. युद्ध संपेपर्यंत विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ७८ हजार गाड्या काढल्या. विलीजच्या विजयाचं श्रेय बऱ्याच अंशी बार्नी रूस या इंजिनिअरने घासूनपुसून तयार केलेल्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाला जातं. साठ अश्वशक्ती हा आकडा आज फार वाटणार नाही, पण अकराशे किलोच्या आसपासच्या गाडीला तेव्हा तो पुरून उरत होता.

खरी युद्धातली गाडी ओळखायची कशी? पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजाव्यात. एमबी आणि जीपीडब्ल्यूला नऊ असतात. अगदी सुरुवातीच्या विलीजला पत्र्याच्या जाळीऐवजी वेल्डिंग केलेल्या पट्ट्या होत्या, पण ती गाडी इकडे सापडली तर लॉटरीच समजावी. सात फटी आणि बसकं बॉनेट असेल तर ती युद्धानंतरची नागरी सीजे-२ए किंवा सीजे-३ए, नाहीतर १९५० नंतरची लष्करी एम-३८. वाईट गाड्या नव्हेत, पण ‘वर्ल्ड वॉरची’ म्हणून युद्धाच्या भावात विकल्या जातात ही खरी अडचण.

मग हेडलाइट पाहावेत. युद्धातल्या गाडीचे दिवे लहान, जाळीच्या आत बसवलेले, आणि खिटी सैल करून मागे इंजिनाकडे वळवता येणारे असतात, म्हणजे अंधारात दुरुस्ती करताना वेगळा कंदील लागू नये. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते आणि तिचं झाकणही तिथेच, त्यामुळे पंपावर आधी चालकाने उतरायचं, गादी उचलायची आणि मग नळी आत घालायची. मागे उघडणारं फळकं नसतं. स्टेपनी मागच्या पत्र्यावर टांगलेली असते. पुढची काच दोन तुकड्यांत असते.

विलीज की फोर्ड हे कळण्यासाठी मात्र कपडे खराब करावे लागतात. रेडिएटरच्या खाली वाकून चेसिसचा पुढचा आडवा बार पाहावा. तो गोल पाइप असेल तर चेसिस विलीजची, उलट्या ‘यू’सारखा दाबलेला पत्रा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या बहुतेक सुट्या भागांवर, इतकंच काय नटबोल्टच्या डोक्यावरही, आपलं इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. फोर्डचा खरा शौकीन या अक्षरासाठी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजक्या बोल्टांच्या ढिगात तासभर बसायला मागेपुढे पाहत नाही. फोर्डचा नंबर चेसिसच्या डाव्या दांड्याच्या माथ्यावर ठोकलेला असतो, तर विलीजचा त्याच दांड्याच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे, छोट्या पट्टीवर. पट्टी बदलणं सोपं, हे वेगळं सांगायला नको.

यात एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना तंतोतंत बसतील असंच लष्कराने ठरवलं होतं, आणि युद्धातल्या कार्यशाळांनी तीन मोडक्या गाड्यांतून दोन चालू गाड्या उभ्या केल्या. म्हणून फोर्डच्या चेसिसवर विलीजचं इंजिन दिसलं की लगेच ‘फसवणूक’ म्हणून पाठ फिरवू नये. ती सरमिसळ १९४४ मधली असू शकते, नाहीतर मागच्या वर्षीची. कोणती ते कागद सांगतात, पत्रा सांगत नाही.

पत्र्यावर विश्वास ठेवूच नये, कारण पत्रा नवा मिळतो. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव तर उघड्या जीप बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथून आलेली गाडी बाजूने ‘विलीज’ अशी अक्षरं मिरवते आणि खाली महिंद्राची चेसिस निघते. हौसेने फिरायला, लग्नाच्या वरातीला ती झकास आहे. संग्राहकाने तिला संग्रहाच्या भावात घेऊ नये, एवढंच. आणि जुन्या जीपच्या व्यवहारात नवखेच फसतात असंही नाही. १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सौदा केला; १५५ गाड्या मद्रासच्या बंदरात उतरल्या आणि त्या चालवण्याजोग्या नाहीत असं आढळलं. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा जुन्या जीपचा होता. एवढं मोठं सरकार गाडी न पाहता घेतं, तेव्हा मोबाइलवरचे चार फोटो पाहून इसार पाठवणाऱ्याने दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

आता हाय बॉनेट. हिचं बॉनेट उंच का, याचं उत्तर इंजिनात आहे. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, एक्झॉस्ट खालीच ठेवला. ताकद बहात्तर अश्वशक्तीपर्यंत गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. विलीजने बाकीची बॉडी तशीच ठेवून नुसतं बॉनेट आणि जाळी वर उचलली. दिसायला ही थोडी ओबडधोबड, हे तिच्या भक्तांनीही मान्य करावं. अमेरिकेत १९६८ पर्यंत अशा १ लाख ५५ हजारांवर गाड्या निघाल्या आणि तिथे ती बंद पडली.

इथे मात्र ती घरचीच झाली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये इथली पाटी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ अशी बदलली, आणि माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढे सीजे-३बी उजव्या स्टिअरिंगसह इथेच बनू लागली आणि तिचं रक्त नंतरच्या कितीतरी मॉडेलांत उतरलं. २०१८ मध्ये महिंद्राने याच घराण्यातली ‘रॉक्सर’ अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा जीपच्या तिथल्या मालकांनी ‘ही तर आमच्यासारखी दिसते’ म्हणून दावा ठोकला. घराणं किती अस्सल, याचा याहून चांगला दाखला कोणता?

काळ्या रानाचा विचार केला तर हाय बॉनेट निर्विवाद पुढे आहे. विलीजच्या मूळ मापांनुसार एमबीच्या ट्रान्स्फर केसचं लो रेशो १.९७ आणि ॲक्सलचं ४.८८, सीजेचं अनुक्रमे २.४६ आणि ५.३८. पहिल्या गिअरसह गुणाकार केला तर एमबीला सुमारे सव्वीस आणि सीजेला सुमारे सदतीस. याचा अर्थ इंजिनाच्या सदतीस फेऱ्यांत चाकाची एक फेरी, म्हणजे गाडी माणसाच्या चालीने चिखलातून रांगते आणि क्लच जळत नाही. सीजेचा मागचा ॲक्सलही दणकट, गिअरबॉक्सही. याची किंमत हमरस्त्यावर मोजावी लागते. वेळापुरातून जाणाऱ्या नव्या चौपदरी पालखी मार्गावर मूळ गिअरिंगची हाय बॉनेट साठच्या पुढे नेली की इंजिन आक्रोश करू लागतं आणि उसाचे ट्रकसुद्धा हॉर्न देत पुढे जातात.

हाय बॉनेट घेताना एकच प्रश्न बाकी सगळ्यांवर भारी पडतो: पेट्रोल इंजिन मूळचं आहे का? ऐंशीच्या दशकापासून पेट्रोलला कंटाळलेल्या मालकांनी सर्रास डिझेल इंजिनं बसवली. कुणी मॅटाडोरचं घातलं, कुणी प्यूजोचं, ज्याला जे मिळालं ते. त्या काळी ते शहाणपणाचंच होतं. पण त्यासाठी इंजिनाचे माउंटिंग कापले, रेडिएटर पुढे सरकवला, काही ठिकाणी पायाजवळचा पत्राही फोडला. आज तीच जीप संग्राहकाच्या दृष्टीने अर्धी झालेली असते. विक्रेता ‘डिझेल आहे, ॲव्हरेज देते’ असं कौतुकाने सांगेल. ऐकून घ्यावं आणि मूळ इंजिन गोदामात पडलंय का ते विचारावं. पडलं असेल तर सौदा जिवंत आहे.

कागदांचा भाग रटाळ वाटतो, पण तिथेच पैसे बुडतात. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर टिकतो. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. डिझेल चढवलेली हाय बॉनेट किंवा नव्या पत्र्याची लो बॉनेट या व्याख्येत बसवताना दमछाक होते. जीप रानात, लग्नकार्यात, अकलूजच्या बाजाराला न्यायची असेल तर साधी आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून चालू ठेवणं बरं.

लो बॉनेटवाल्याला आणखी एक मेख आहे. तिचं स्टिअरिंग डावीकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगची गाडी चालू स्थितीतल्या ठरावीक इशारायंत्राशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या जीपचे इंडिकेटर बहुतेकदा शोभेचेच असतात, ते आधी पेटवून घ्यावेत. इंजिन किंवा इंधन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीत हवी. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीवाचून बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं आहे.

नंबर जुळवण्याची जुनी पद्धत अजूनही सर्वांत खात्रीची. चेसिसवरचा रंग रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, नंबरावर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. अक्षरं उमटतात तशीच त्यांच्या भोवतीची खरवडही उमटते. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा असेल, आजूबाजूचं लोखंड ग्राइंडरने गुळगुळीत केलेलं दिसत असेल, तर चहा पिऊन घरी यावं. तो ठसा आरसीशेजारी ठेवून प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचावा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांच्या घोळात अडकून महिनोनमहिने आरटीओत बसलेल्या फायली कमी नाहीत.

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावं की इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा रेडिएटरवर हात ठेवावा. गरम लागला तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, हे त्याने लपवलंय. खिशात चुंबक ठेवावा; पत्र्यावर जिथे तो चिकटत नाही तिथे लांबी भरलेली असते. पायाखालची फरशी, टूलबॉक्सचे कोपरे आणि बॉडीखालच्या पोकळ पट्ट्या खास तपासाव्यात. युद्धातल्या गाड्यांच्या त्या पट्ट्यांत लाकूड भरलेलं असे, ते ओल धरतं आणि आतून पत्रा खातं. पाट्यांच्या हँगरजवळ आणि स्टिअरिंग बॉक्सपाशी चेसिसला चीर आहे का, वेल्डिंगचे ओघळ आहेत का, हे टॉर्च लावून पाहावं.

चारही चाकांची परीक्षा डांबरावर घेऊ नये. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक सोसणारी यंत्रणा नसते. कोरड्या सडकेवर फोर व्हील टाकून वळवलं की सगळा ताण गिअरांवर येतो. नांगरटीच्या रानात न्यावी, तिथे तिन्ही दांडे वापरून बघावेत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तेव्हा तो घालताना कर्रर्र झाला तर आधी चालवणाऱ्याला दोष द्यावा, गिअरबॉक्सला नंतर. दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटत असेल तर मात्र खर्च ठरलेला. एक सूचना आषाढाची: माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी असते त्या सुमारास इकडे गाडी पाहायला येऊ नये. जीप राहील बाजूला, स्वतःला पोचायलाच दिवस जाईल.

सुट्या भागांत दोघींची बरोबरी होऊच शकत नाही. हाय बॉनेटचे भाग मुंबईत कुर्ल्याला मिळतात, नाहीतर नंतरच्या महिंद्रा जीपचे जुळवता येतात, आणि तालुक्याच्या जुन्या मेकॅनिकला ते हाताने ओळखू येतात. लो बॉनेटचं सहा व्होल्टचं वायरिंग, छोटे दिवे, खऱ्या चाकांच्या रिमा यांसाठी परदेशातून मागवावं लागतं, वर कस्टम. पेट्रोलचा मुद्दा मात्र दोघींना सारखा. ज्या तालुक्यात उसापासून इथेनॉल होतं तिथल्या पंपावरही आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल येतं. त्या काळच्या इंधन पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या ते फार दिवस सोसत नाहीत. गाडी घरी आली की आधी या दोन गोष्टी नव्या घालाव्यात, आणि चार-सहा महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. इंजिनाला मात्र भीती नाही. हलक्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच त्याचं कॉम्प्रेशन कमी ठेवलं होतं.

मग घ्यावी कोणती? ज्याच्याकडे बंदिस्त शेड आहे, परदेशातून भाग मागवण्याची तयारी आणि कागदांचा नाद आहे, मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या मंडळींच्या रॅलीत उतरायचं आहे, त्याने लो बॉनेटसाठी थांबावं. तिची किंमत कागदांसह कमी होणार नाही आणि कागदांवाचून ती भंगाराहून फार वरची नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बाकी बहुतेकांनी मूळ पेट्रोल इंजिनाची हाय बॉनेट शोधावी. ती कुरूप आहे म्हणून स्वस्त आहे, डिझेलच्या लाटेत तिच्या बहिणी संपल्या म्हणून ती दिवसेंदिवस दुर्मिळ होते आहे, आणि या मातीत ती खरोखर राबलेली आहे. पत्रा सडका असला तरी चालेल. नंबर आणि इंजिन जुळलेलं हवं. रंग चकाचक आणि नंबर संशयास्पद, असा सौदा कितीही गोड वाटला तरी सोडावा.

सौदा ठरलाच तर निम्मे पैसे आरसी नावावर झाल्यावर द्यायचे असं लिहून घ्यावं. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर एनओसी विक्रेत्यानेच आणून द्यावी. अकलूजचं कार्यालय एमएच-४५ आणि सोलापूरचं एमएच-१३, तेव्हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही हा प्रश्न येतो. काढून ठेवलेले जुने भाग, मोडका कार्बोरेटर, गंजका जॅक, सगळं मागून घ्यावं. आणि नुकतीच घेतलेली जीप चालवत घरी आणायचा मोह आवरावा. या गाड्यांच्या चारही ब्रेकना एकच तेलाची वाट असते, एक जुनी नळी फुटली की चारही एकदम जातात. टेम्पोत चढवावी, दोरखंडाने आवळावी, आणि पहिला आठवडा फक्त ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदलण्यात घालवावा.